पाणी चुकलं तुमचं

आमच्या वहिनीकडे मेलेलं झाड घेऊन येणारा माणूस लांबूनच ओळखू यायचा. कुंडी छातीशी धरलेली, चेहरा पालकांना शाळेत बोलावून आणायला सांगितलेल्या पोरासारखा, आणि फाटकातून आत येताना पाय ओढलेले. खरं तर पैसे त्याने मोजलेले, झाड त्याचं गेलेलं. तावातावाने यायला हवा तो. पण मिक्सर बिघडला तर दुकानदाराच्या अंगावर जाणारी माणसं झाड मेलं की स्वतःलाच दोषी धरतात. वहिनी कुंडी हातात घ्यायची, सगळ्यात खालचं पान चिमटीत पकडायची, त्याच्या करपलेल्या तपकिरी कडेवरून अंगठा फिरवायची आणि कुंडी खाली ठेवत म्हणायची, "पाणी चुकलं तुमचं."

कमी झालं की जास्त, ते ती सांगायची नाही. ते ज्याचं त्याने आठवायचं. आणि प्रत्येकाला काहीतरी आठवायचंच. कुणी गावाला गेलेलं असायचं, कुणाच्या सुनेने उरलेला चहा कुंडीत ओतलेला असायचा. एक हाडांचे डॉक्टर आले होते, चांगले धिप्पाड गृहस्थ. दवाखान्याच्या दारातले दोन्ही क्रोटन वाळले म्हणून आले आणि "मी सांगून ठेवलं होतं हो कंपाउंडरला," असं म्हणत एवढे ओशाळले की मलाच त्यांची कीव आली. जाताना दोन नवे क्रोटन घेऊन गेले आणि वर वहिनीचे आभार मानले.

मी तिची नणंद. पोस्टात खिडकीवर बसते, म्हणजे दिवसभर लोकांची तोंडं बघते आणि संध्याकाळी कुणाचं तोंड बघायची इच्छा उरत नाही. लग्न केलं नाही. भावाच्या घरातच वरच्या खोलीत राहते, सुट्टीच्या दिवशी नर्सरीत हातभार लावते, आणि माझ्या जिभेला घरातले सगळे वचकून असतात. वहिनीबद्दल लिहिते आहे म्हणजे तिची बदनामी करायची आहे असं कुणी समजू नये. बदनामी करायची असती तर तोंडी केली असती, ती जास्त लांब जाते.

आमच्या घरी आली तेव्हा वहिनीला झाडातलं ओ की ठो कळत नव्हतं. दादाचा टेम्पो होता. पुलापलीकडच्या एका म्हाताऱ्या नर्सरीवाल्याच्या कुंड्या तो पोचवायचा, आणि वहिनी कुंड्या धरून बसायला म्हणून सोबत जायची. धरून बसता बसता ती तिथे कामालाच लागली. म्हातारा खडूस होता, पण शिकवायचा. माती कशी कालवायची, कलम कुठे कापायचं, खत किती आणि कधी. त्याच्याकडे दोन डबे असायचे. एकात पांढरा युरिया, दुसऱ्यात लालसर मिठासारखं दिसणारं पोटॅश. वहिनी पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, "युरिया टाकला की आठवड्यात पान हिरवंगार होतं. या लाल मिठाने तर काहीच होत नाही."

"इथे काही होत नाही," म्हातारा म्हणाला होता. "इथे आपण दोन वेळा पाणी घालतो. झाड गिऱ्हाइकाच्या घरी गेलं, पाण्याची आबाळ झाली, की मग हे कामाला येतं. पानाला बारीक बारीक तोंडं असतात. ऊन वाढलं की ती मिटून घ्यायची अक्कल झाडाला यातून येते. हे नसलं तर तोंडं उघडीच राहतात आणि अंगातलं पाणी उडून जातं."

हे मला वहिनीनेच सांगितलेलं. सांगताना तिने म्हाताऱ्याची नक्कल केली होती, आणि ती नक्कल इतकी झकास होती की पुढे कितीतरी वर्षं आम्ही घरात कुणी वचावचा बोलायला लागलं की "जरा पोटॅश घे" म्हणायचो.

म्हातारा गेल्यावर आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत वहिनीने स्वतःची नर्सरी काढली. सुरुवातीची वर्षं तिने दोन्ही डबे ठेवले. मग एका वर्षी खताच्या दुकानात पोटॅश मिळेना. हंगामभर मिळालंच नाही. तिने नुसत्या युरियावर झाडं वाढवली आणि झाडं अशी फोफावली की रस्त्याने जाणारे लोक फाटकाशी थांबायला लागले. पानं तळहाताएवढी, मऊ, लकाकणारी. पुढे दुकानात पोटॅश पुन्हा आलं तेव्हा वहिनीने त्या पोत्याकडे पाहिलं आणि हात हलवत परत आली. न दिसणाऱ्या गोष्टीपायी खर्च कशाला, असा साधा विचार. लबाडी नव्हती त्यात. लबाडी असती तर मी ओळखली असती, मी तिच्याच घरात जेवत होते. तिची झाडं तिच्या डोळ्यांसमोर कधी मरतच नव्हती. मरायची ती लोकांच्या घरी.

आणि लोकांच्या घरी मरणाऱ्या झाडांसाठी तिच्याकडे ते एक वाक्य होतं.

आता टेलरबाईंकडे येते.

टेलरबाई आमच्याच गल्लीत, कोपऱ्याच्या तळमजल्यावर राहायच्या. पुढची खोली शिलाईची, तिचं दार थेट रस्त्यावर. दारात बाकडं, त्यावर माप द्यायला किंवा कपडे न्यायला आलेल्या दोघी-तिघी कायम बसलेल्या. आत मशीन, कापायचं टेबल, आणि खिडकीशी लाकडी हातांची एक खुर्ची. त्या खुर्चीत टेलरबाईंचे यजमान. सगळी गल्ली त्यांना बॉयलरकाका म्हणायची. आयुष्यभर बॉयलरवर काम केलं, तिथल्या आवाजाने कान गेले, आणि निवृत्त झाल्यावर जिन्यावरून पडून पाय गेले. उजवा कान पुरता बंद, डाव्यात ओरडलं तर थोडं पोचायचं. ऐकू न येणारा माणूस स्वतःही ओरडूनच बोलतो. त्यामुळे त्या घरात चहात साखर कमी पडली तर ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं.

टेलरबाई मात्र हळू बोलायच्या. दातांत टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे शब्दही टाचणीएवढे. माप घ्यायला त्यांच्यासारखं कुणी नव्हतं. एकदा टेप फिरवली, आकडा पुटपुटला, की कात्री चालवायला मोकळ्या. कपडा परत सैल करायला म्हणून कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

काकांना खिडकीत लाल फूल हवं होतं. त्यांचा तेवढाच हट्ट होता. टेलरबाईंनी वहिनीकडून जास्वंद नेली, लकाकत्या पानांची, कळ्यांनी भरलेली. खिडकी पश्चिमेची, दुपारचं ऊन सरळ आत. आठ-दहा दिवस फुलं आली. मग खालच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, मग दुपारी झाड मान टाकायला लागलं, मग संध्याकाळीही मान वर येईना. टेलरबाई कुंडी घेऊन आल्या. वहिनीने पान चिमटीत धरलं आणि म्हणाली, "पाणी चुकलं तुमचं."

त्यांनी दुसरी जास्वंद नेली. या वेळी औषधाच्या बाटलीने मोजून पाणी घातलं, रोज एका वेळेला, मशीनचं काम थांबवून. तीही गेली. तिसरी नेली.

तिसरी वाळत होती त्या दिवसांत एकदा वहिनी कुंड्या पोचवून त्यांच्या दारासमोरच टेम्पोतून उतरत होती. मी तिच्याबरोबर होते. खिडकीतून बॉयलरकाकांनी हाक मारली, "अहो नर्सरीवाल्या, झाडं खराब देता का आम्हाला?" ते गमतीने म्हणत होते. बाकड्यावरच्या बायका बघायला लागल्या. गिऱ्हाइकांसमोर आपल्या मालाबद्दल असं ऐकून घेणाऱ्यांतली वहिनी नाही. ती खिडकीपाशी गेली, गजांत तोंड घातलं आणि काकांच्या डाव्या कानाशी जोरात ओरडली, "काका, झाड चांगलंय हो. पाणी चुकतंय बाईंचं."

काका मांडीवर थाप मारून हसले. "मी तेच सांगतो हिला. हिला साधं पाणी घालता येत नाही."

बाकड्यावरच्या बायका हसल्या, गल्लीतून जाणारी-येणारी माणसंही हसली. टेलरबाईसुद्धा हसल्या, ओठांत टाचण्या तशाच धरून. वहिनी घरी येईपर्यंत ते विसरली.

काका विसरले नाहीत. घरात बसून असणाऱ्या माणसाला एक वाक्य मिळालं की तो ते झिजेपर्यंत वापरतो. चहा पातळ झाला, पाणी चुकलं हिचं. आमटी खारट झाली, पाणी चुकलं हिचं. आम्ही जाता-येता ऐकायचो आणि हसायचो. पुढे काकांच्या पायांवर सूज यायला लागली आणि डॉक्टरांनी त्यांच्या पिण्याच्या पाण्यावर बंधन घातलं. दिवसाला मोजून तेवढंच. टेलरबाई औषधाच्या त्याच बाटलीने मोजून द्यायच्या. उन्हाळा आला. काका पाण्यासाठी ओरडायचे, त्या देत नसत, आणि मग गल्लीत ऐकू यायचं, "झाडांना मारलंस तसंच मलाही मारतेस." तेव्हा कुणी हसायचं नाही. लोक खिडक्या लावून घ्यायचे.

त्या उन्हाळ्यातच ते गेले.

वहिनी आणि मी भेटायला गेलो होतो. टेलरबाई रडत नव्हत्या. खिडकीशी रिकामी खुर्ची आणि कठड्यावर जास्वंदीची वाळलेली काडी असलेली कुंडी. त्या वहिनीकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच देत होते हो मी. पण मला कुठे माप कळतं? झाडांचंसुद्धा कळलं नाही."

"असं काही मनात आणू नका," वहिनी म्हणाली. आपण सगळेच म्हणतो तसं.

त्यानंतर टेलरबाईंचं काम बिघडत गेलं. शिवण तीच, हात तोच, पण माप घेतलेल्या बाईला त्या दोन दिवसांनी परत बोलवायच्या आणि पुन्हा माप घ्यायच्या. मग तिसऱ्यांदा. कापड टेबलावर पसरून ठेवायच्या, खडूने रेघ मारायच्या, पुसायच्या, आणि कात्री हातात घेऊन तशाच बसून राहायच्या. बाकडं हळूहळू रिकामं होत चाललं. ज्या बाईची टेप एकदा फिरली की विषय संपायचा, ती बाई आपल्याच हातावरचा भरवसा घालवून बसली होती. लोक म्हणाले, नवरा गेल्याचं दुःख. वहिनीही तेच म्हणाली.

मग पाण्याचं वर्ष आलं, म्हणजे पाणी नसल्याचं. तलाव आटला आणि नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, तेही करंगळीएवढ्या धारेचं. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या झाडांना तहानलेलं ठेवलं. आठवड्याभरात विक्रीच्या झाडांच्या रांगा कोमेजून खाली बसल्या. क्रोटनची पानं लोंबली, जास्वंदींच्या खालच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि ती तपकिरी रेघ आत आत सरकायला लागली. मी पोस्टातून आले तेव्हा वहिनी दोन रांगांच्या मध्ये उभी होती, हातात कोरडी नळी.

"पाणी नाही तर झाडं मरणारच," मी म्हणाले. "त्यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे?"

तिने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

मागच्या भिंतीशी तिची आईझाडं असायची, ज्यांच्या फांद्या कापून नवी रोपं करायची ती. विकायची नसल्यामुळे त्यांच्या दिसण्याची तिला फिकीर नव्हती. युरिया नाही, लाड नाहीत, नळी तिथवर पोचत नाही म्हणून पाणीही जेमतेम. भिंतीपलीकडे बेकरी. बेकरीवाला भट्टीतली लाकडाची राख भिंतीलगत टाकायचा, ती उडून या झाडांवर यायची, आणि त्यावरून वहिनीची आणि त्याची वर्षानुवर्षं जुंपलेली. "तुझ्या राखेने माझी झाडं मळतात," असं ती भिंतीवरून ओरडायची आणि तो पलीकडून पावाचं पीठ मळत ऐकून घ्यायचा.

ती मळकी झाडं उभी होती. पानं लहान, जाड, काहीशी कळकट, पण ताठ. दुपारच्या उन्हात थोडी मलूल व्हायची आणि ऊन उतरलं की सावरायची. खालच्या पानांच्या कडा हिरव्या.

"राखेत पोटॅश असतं," वहिनी म्हणाली. "म्हाताऱ्याने सांगितलं होतं मला."

मी तिला पळवाट काढून दिली. म्हटलं, ती झाडं जुनी आहेत, मुळं खोल आहेत, सावली आहे. तिला ती पळवाट हवी होती, हे मला दिसत होतं. पण तिने खताच्या दुकानातून पोटॅश आणलं. एकाच रांगेतल्या, एकाच वयाच्या, सारख्याच बसलेल्या जास्वंदी घेतल्या. निम्म्यांना मातीत मिसळून थोडं थोडं दिलं, निम्म्यांना नाही, आणि पाणी सगळ्यांना तेवढंच, मोजून. करपलेली पानं कुणाचीच परत हिरवी झाली नाहीत. पण काही आठवड्यांनी ज्यांना पोटॅश मिळालं होतं त्यांची नवी पानं उन्हात टिकायला लागली, आणि उरलेल्या एकेक करून गेल्या. जाताना त्या टेलरबाईंच्या जास्वंदीसारख्याच गेल्या. आधी खालची कड, मग दुपारची मान, मग संध्याकाळची.

तहानेने करपलेली कड आणि पोटॅशवाचून करपलेली कड वरवर सारखीच दिसते. ज्याने हजारो पानं हाताळली त्याला फरक कळायला हवा. खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात झाली की समजायचं, झाड स्वतःच्याच जुन्या पानांतून पोटॅश काढून नव्यांना पुरवतंय. वहिनीने दर वेळी सगळ्यात खालचंच पान चिमटीत धरलं होतं. खूण तिच्या बोटांत होती आणि ती लोकांना सांगत होती, पाणी चुकलं तुमचं.

नंतरचे दिवस वाईट होते. ती पुढच्या फाटकाशी जाईना. गिऱ्हाईक आलं की दादाला पाठवायची. एकदा ते हाडांचे डॉक्टर आले, हातात वाळका क्रोटन, चेहऱ्यावर तीच ओशाळलेली कळा, आणि वहिनी त्यांना पाहून पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. जेवताना तिचं लक्ष ताटात नसायचं.

दादा सरळ माणूस आहे. तो म्हणाला, "आता कळलंय ना? मग यापुढे घाल पोटॅश. झालं गेलं सांगत कशाला बसायचं? लोक काय, झाडं विसरून गेले असतील."

"सगळे विसरले असतील," वहिनी म्हणाली. "टेलरबाई नाही विसरल्या."

"त्यांचा नवरा काय तुझ्या झाडापायी गेला?"

"नाही. पण तो जे बोलत गेला, ते माझ्या तोंडचं होतं."

यावर दादाने ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. तो एरवी कधी स्वतःचं ताट उचलत नाही.

मलाही वाटत होतं की तिने गप्प बसावं. लाज अशी आतल्या आत मुरते आणि माणूस पुढे चालू लागतो, असं मी पाहिलेलं आहे. पण वहिनीला ते जमेना. ती टेलरबाईंच्या दारावरून जायचं टाळायला लागली, लांबचा रस्ता घ्यायची, आणि लांबच्या रस्त्याने आल्यावर पुन्हा विचारायची, "आज बाकड्यावर कुणी होतं का गं?" बहुतेक दिवशी कुणी नसायचं.

एका सुट्टीच्या दिवशी तिने कपाटातून जाडंभरडं निळं कापड काढलं. म्हणाली, नर्सरीत घालायला एप्रन शिवून घेते, मोठ्या खिशांचा. "चल माझ्याबरोबर." मी गेले. एप्रन ही सबब आहे हे तिलाही माहीत होतं, मलाही.

त्या दिवशी नेमक्या बाकड्यावर दोघी बसलेल्या. एक आपला कपडा न शिवताच परत न्यायला आली होती, दुसरी तिच्या सोबतीला. वहिनी दारातच थबकली. मला वाटलं आता कापड टेबलावर टाकेल, माप देईल आणि परत फिरेल. टेलरबाईंनी मान वर करून पाहिलं. कठड्यावर ती कुंडी अजून होती, वाळकी काडी तशीच.

वहिनी आत गेली आणि कापड छातीशी धरून उभी राहिली. कुंडी घेऊन येणारी माणसं उभी राहायची अगदी तशी.

"तुमच्या जास्वंदी," ती म्हणाली. "तुमचं पाणी बरोबर होतं. मीच त्यांना खायला नीट घातलं नव्हतं. नुसता युरिया घालून फुगवल्या. ज्याने झाड ऊन सोसतं ते पोटॅश घालायला पाहिजे होतं, आणि मला ते माहीत होतं. मी बंद केलं. ती झाडं कुणाकडेच जगली नसती."

टेलरबाई ऐकत होत्या. ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी ओठ तसेच मिटलेले.

"बाटलीने मोजून घालायचे मी," त्या अखेर म्हणाल्या.

"हो."

"पहिल्या झाडालासुद्धा नीटच घातलं होतं. यांना मी सांगितलं तसं. पण त्यांना माझं पटलं नाही. तुम्ही म्हणालात ना, मग ते तुमचंच खरं धरून बसले."

वहिनी खाली बघत राहिली. मी तिला इतक्या वर्षांत कुणासमोर मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं, आणि बघवत नव्हतं म्हणून मी मशीनच्या चाकाकडे बघत राहिले. तिने माफी मागितली. टेलरबाईंनी ती घेतलीही नाही आणि टाकलीही नाही.

त्या उठल्या. खिडकीशी गेल्या, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "इथे येऊन सांगा."

वहिनीला कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही. बाकड्यावरच्या दोघी आत डोकावून बघत होत्या.

"इथे," टेलरबाई म्हणाल्या. "त्यांना सांगा."

वहिनी खुर्चीपाशी गेली. हळू आवाजात म्हणाली, "काका, बाईंचं पाणी बरोबर होतं."

"असं नाही. त्यांना कमी ऐकू यायचं. तेव्हा कसं सांगितलं होतंत, तसं सांगा."

वहिनीचा चेहरा लालबुंद झाला. तिने एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतं. मग ती वाकली, खुर्चीच्या डाव्या बाजूला, जिथे त्यांचा तेवढा एक कान होता तितक्या उंचीवर, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडली, "काका, पाणी बरोबर होतं बाईंचं. खोट माझ्या झाडात होती."

समोरच्या घराची खिडकी उघडली. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला पाय टेकवून थांबला. बाकड्यावरची बाई आपल्या कपड्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिने ती हळूच परत खाली ठेवली. कुणी हसलं नाही.

टेलरबाई खुर्चीकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. ऐकू न येणाऱ्या माणसाला सांगून झाल्यावर त्याला कळलं की नाही याची वाट बघतात तशा. वहिनी डोळे पुसत नव्हती, ते आपोआप वाहत होते.

"ऐकलं असेल," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी गळ्यातली टेप काढली, वहिनीला हात बाजूला करायला सांगितले आणि माप घेतलं. एकदाच. मग निळं कापड टेबलावर पसरलं आणि कात्री उचलली.